शेवटचा रकाना

वही साहेबांनी माझ्याकडं दिली,
कारण माझं अक्षर बरं आहे.
उद्यान खात्याचा कारकून मी, बाकी काही नाही.
कळंब्याच्या बगलेला, माळावर, ताडपत्रीखाली टेबल,
टेबलाचा एक पाय चिखलात, त्याखाली खापरी.
रकाने पाच :
नाव, पेठ, मोबाईल, रोप, फोटो झाला / नाही.

देशभर आज झाडं लागणार आहेत म्हणे.
आमच्या वाट्याला तीनशे बारा खड्डे.

तालमीची पोरं आली, अंगाला अजून लाल माती.
"जांभूळ दे भावा. दहा दे,
एकात काय अंग तापतंय व्हय?"
गंगावेशीतला दूधवाला धारा उरकून आला,
करंज घेतला, विचारलं,
"म्हशीला सावली किती वर्सांत?"
एक बाई गाडीतनं उतरल्याच नाहीत.
खिडकीतनं रोप हातात धरलं, हसल्या,
परत दिलं.
मी लिहिलं : झाला.

मग हौसाक्का व्हटकर, सुभाषनगर.
"बाभळ हाय?"
यादी खालवर बघितली. बाभळ नव्हती.
मागनं कुणीतरी म्हणालं, "मावशी, काटं पेराय आलाय काय?"
ती हसली नाही. टेबलाखाली बोट दाखवलं.
"पायात काय हाय तुमच्या, सायेब?"

कापशी होती. लग्नातली, अजून करकरणारी.

"तिला इचारा की.
कातडं बाभळीच्या सालीत निजून उठतं,
तवा त्याची चप्पल हुतीया.
सासऱ्यानं साल सोलली, मालकानं सोलली,
सोललं त्याच्या जागी लावलं कुणी?
आता साल ट्रकनं येती, कुठल्या मुलखातनं कुणाला ठावं.
उसनं लई थकलंय, सायेब."

पदराची गाठ सोडली. आत लेंड्या.
शेळीच्या पोटातनं आलेलं बी
लवकर फुटतं, म्हणाली.
साहेब दुसरीकडं बघायला लागले.
मी रोपाच्या रकान्यात लिहिलं :
बाभूळ, बी स्वतःचे.
फोटोला ती थांबली नाही.

चैत्रात मोजदादीला मी एकटाच.
ना ताडपत्री, ना टेबल.
रोपांच्या काळ्या पिशव्या तेवढ्या
कुंपणाच्या तारेवर कावळ्यांसारख्या बसलेल्या.
जांभळं बरीच तगली होती.
पोरं पैज लावून घागरी आणतात, असं गुराखी म्हणाला,
हरला तो खांद्यावर दोन आणतो.
करंजाच्या बुडाला ओल, किटली विसळल्याचा वास.
खिडकीतल्या रोपाची जागा
मला नीट सांगता येणार नाही.

बाभळी सात, गुडघ्याएवढ्या,
भोवती चपलेच्या कातरणांनी बांधलेल्या काटक्या.
मोजायला वाकलो तर एकीनं बोटाला टोचलं.
थेंब आला.
बाकी कुठल्याच झाडानं
अशी हजेरी दिली नव्हती.

तिथंच बांधावर बसून
वहीत पेन्सिलीनं सहावी रेघ मारली.
वर लिहिलं : पाणी कोण घालणार?
साहेब म्हणाले, हे नमुन्यात नाही.
नमुन्यात नाही, खरंय.

या जुलैत पुन्हा टेबल लागंल.
तुम्ही या.
फोटो काढा, काढू नका असं कोण म्हणतंय,
नातवंडांना दाखवायला बरा असतो.
पण वैशाखातल्या एखाद्या साध्या बुधवारी,
ज्या दिवशी कुणी बोलावलेलं नसतं,
कळशी घेऊन परत या.
नळाला पाणी नसलं तर तांदूळ धुतलेलं आणा,
झाडाला चव कळत नाही.

आणि सहावा रकाना भरून जा.
स्वतःचं नाव घाला, बायकोचं घाला,
शेजाऱ्याशी भांडण असलं तर त्याचंही घाला,
दोघं आळीपाळीनं या, बोलू नका हवं तर.
फक्त "कुणीतरी घालेल" असं सांगू नका.
त्या माणसाचं नाव मी लिहून घेत नाही,
गेल्या साली घेतलं होतं शंभरदा.
त्याचा मोबाईल लागत नाही.

पेन दोरीनं टेबलाला बांधलंय.
न्यायचं नाही.