इतिवृत्तात नसलेलं

महिन्यातला दुसरा मंगळवार, अग्निशमन केंद्राचा मागचा हॉल,
लाल बंबाशेजारी नऊ घडीच्या खुर्च्या.
सुपीरियर सरोवर गोठलंय. खिडकीतून दिसत नाही,
पण बर्फाला तडा गेला की ऐकू येतं,
कुणीतरी लांबवर दार लावून घेतल्यासारखं.
लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर चांगलं म्हणून,
आणि मी फारशी बोलत नाही म्हणून.

उपस्थित: शाळेची नर्स डोरीन, शेरीफच्या कचेरीतला हेकला,
औषधांच्या दुकानातल्या इर्मा कोस्केला, लुथरन चर्चचे पास्टर,
ओजिब्वे आरोग्य केंद्राच्या लोरेना काडोट, हॉकीचा कोच,
आणि पेट्रोल पंपाचा आर्विड निएमी,
ज्याला खरं तर कुणी बोलावलं नव्हतं.

पहिलं वर्ष बोटं दाखवण्यात गेलं.
शाळा म्हणाली, दुकानं विकतात.
दुकान म्हणालं, पोलीस असतात कुठे?
हेकला म्हणाला, आईबाप झोपलेले.
पास्टर कॉफी ढवळत राहिले, साखर न टाकताच.
लोरेना म्हणाल्या, नावं घ्यायची वेळ आली
की आमची पोरं पहिली,
पैसे वाटायची वेळ आली की शेवटची.
हे मी लिहिलं. कुणीतरी म्हणालं, खोडा.
खोडलं नाही.

मग हळूहळू, कुणी मोठ्याने न ठरवता,
आर्विडने बिअरचा फ्रीज गल्ल्यासमोर आणला,
सख्ख्या पुतण्याकडेही ओळखपत्र मागितलं.
इर्माबाईंनी शेरीफच्या दारात हिरवी पेटी बसवून घेतली,
घरात उरलेल्या गोळ्या टाकायला.
शनिवारी रिंक रात्री अकरापर्यंत उघडी,
दिव्यांचं बिल आरोग्य केंद्राकडे.
पोरं आली बारा. मग सात.
मग एकदम एकतीस. का, ते कुणालाच कळलं नाही.

फेब्रुवारीत डोरीनने पाहणीचे कागद आणले.
नावं नाहीत, नुसत्या खुणा.
प्रश्न चौदा: तुला हे मिळतं कुठून?
आर्विडने टोपी काढून मांडीवर ठेवली.
पंप, दुकान, मोठा भाऊ, अनोळखी माणूस,
सगळीकडे विरळ खुणा.
'घरातून' हा रकाना मोजताना मात्र
डोरीनला पान उलटावं लागलं.

बंबाखाली वितळलेला बर्फ ठिबकत होता.
शांतता इतिवृत्तात कशी लिहितात?
मी लिहिलं: चर्चा झाली.

कागद हातोहात फिरले. एकाच्या कडेला, पेन्सिलीने:
'बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या. घरी कुणी मोजत नाही.'
आणि आडव्या रेघेवरून घाईने पुढे निसटलेला हात,
ज्याला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दुसरीत असताना,
शंभरदा म्हटलं होतं, थांब जरा, रेघ पुरी कर.
मी कागद पुढे दिला.

घरी जाताना चांदणं पडलं होतं.
चोराच्या मनातलं नव्हे, खरंच पडलं होतं,
रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगांवर, निळं.
बाथरूमच्या फरशीवर बसून बाटली ओतली.
लेबलवर साठ. नवरा म्हणाला होता,
दोनचार घेतल्या, मग सोसलं.
सव्वीस.
पुन्हा मोजल्या. सव्वीस.
वर टोबायसच्या दाराखाली उजेडाची फट.
मी दार वाजवलं नाही. जिना उतरले.
परत चढले.
वाजवलं.

आत काय बोललो ते इथेही लिहिणार नाही.

मार्चचा मंगळवार. तोच हॉल, खुर्च्या दहा.
अध्यक्षांनी नेहमीचं वाक्य म्हटलं:
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे,
कुणाची दुरुस्ती?
मी हात वर केला.
मुलाला विचारून आले होते.
म्हटलं, आज लिहायला दुसऱ्या कुणीतरी घ्या.

क्षणभर कुणी हललं नाही.
मग आर्विडने वही आपल्याकडे ओढली,
पेन झटकलं, जिभेचं टोक दातांत धरलं.
त्याचं अक्षर फार वाईट आहे.
सगळं वाचता येतं.