दर प्रति नग

सिंहस्थाला अजून दीड वर्ष आहे
आणि माझ्या टेबलावर फाईल आली आहे :
मोकाट वराह पकडून शहराबाहेर नेणे.
बोलताना डुक्कर, कागदावर वराह.
सतरा वर्षं टाईप करतोय हा शब्द,
बोटांना पाठ आहे.
टेंडरात महत्त्वाचा रकाना एकच :
दर प्रति नग.

ड्रायव्हर इम्तियाज नाव घेत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतो.
निरीक्षक उपासनीही घेत नाहीत, सोवळं आहे.
बाकी कशावर पटत नाही दोघांचं,
पण एका जीपमध्ये बसून
दोघं गप्प राहतात एकाच प्राण्याविषयी.

सोजरबाई आली होती वाघाडीच्या उतारावरून.
अकरा उचलली तिची, त्यात एक गाभण.
म्हणाली, सराफ बाजारात विचारा,
माझ्या सासूनं केस दिलेत ब्रशाला.
सोन्याच्या नक्षीत बसलेला मळ
दुसऱ्या कशानं निघत नाही साहेब,
देवीच्या पुतळ्यांच्या माळेचासुद्धा.
मग दाराशीच बसली.
ती म्हणत राहिली, नगं, नगं.
मी लिहीत राहिलो, नग, अकरा.

गेल्या महिन्यात दादांना घेऊन गेलो रामकुंडावर.
पितळी तांब्या, लाल फडकं, पाण्यात भेळेचे कागद.
गुरुजी घाईत होते, मागे चार घरं उभी.
भरभर म्हणत गेले,
कंडक्टर थांबे सांगतो तसे :
विष्णुपदे, श्रीश्वेतवाराहकल्पे...
मी म्हटलं, थांबा. वाराह म्हणजे?
तळहातावरचं पाणी गळायला लागलं होतं.
म्हणाले, अहो, पत्ता आहे तो आपला.
आधी काळाचा, मग नदीचा, मग तुमचं गोत्र.
हा सगळा काळच त्याचा चाललाय.
संपायला पुष्कळ अवकाश आहे.
चला, नाव सांगा वडलांचं.

दिनकर, मी म्हणालो.
सातबाऱ्यावर तेच, पेन्शनच्या पुस्तकावर तेच.
मागून मथुआत्या हुंदक्यात म्हणाली,
गेला रे माझा डुकऱ्या.

आधीची तीन पाळण्यातच गेली होती.
चौथा झाला तेव्हा सुईणीनंच सांगितलं,
ह्याला चांगलं नाव ठेवू नका,
सटवाईला किळस येऊ द्या.
उकिरड्याची माती लावली कपाळाला,
सुपातून ओढला दारापर्यंत
आणि हाक मारली.
ब्याऐंशी वर्षं पुरली ती हाक.
मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

फाईल अजून टेबलावर आहे.
टिपणी लिहिली, खोडली, परत लिहिली.
काही अडवलं वगैरे नाही मी,
माझ्या सहीनं काय अडतं.
फक्त ‘नग’वर पेन थांबतो हल्ली,
उपासनी विचारतात, रिफिल संपली का?

काल टाकळीला संगमावर गाडी लावली.
नासर्डीचं काळं पाणी गंगेत शिरतं तिथे
एक डुकरीण चिखलात मानेपर्यंत.
पोटाशी सहा-सात पिल्लं, एक लंगडं.
तिनं मुसंडी वर काढली
तर नाकावर मातीचा हा एवढा गोळा,
त्याला वरून वाहत आलेला द्रोण चिकटलेला,
वात विझलेली.
तिनं डोकं झटकलं.
दोनदा झटकलं.
गोळा पडला नाही.