उभं राहिल्याची खूण

उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून
झिपरू मिस्तरी सहालाच शटर वर करतात.
सोमवारी मी त्यांच्याही आधी पोहोचले, चाळीसगाव रोडला.
टायरच्या कडेला रबराच्या बारीक वळकट्या,
खोडरबर घासल्यावर वहीत उरतात तशा.

"काय व्हयनं?"

मी यादी काढली.
पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं.
ब्रेक मारला की डावीकडे ओढते.
वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.
आणि वळणात नाक आत घेत नाही,
सरळच निघते, रुसल्यासारखी.
त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला.
"ह्या चार तक्रारी. आजार किती, ते बघू."

हे वाक्य खरं तर माझं.
एकवीस वर्षं मी धुळ्यात लोकांचं रक्त काढते.

पर्समधली दहाची सिरिंज मीच पुढे केली.
टाकीतलं ब्रेक ऑइल ओढून त्यांनी उजेडात धरलं.
कोऱ्या चहाचा रंग.
"पाणी आहे यात," मी बोलून गेले.
भटू हसला. मिस्तरी हसले नाहीत.
"चार वर्षांचं आहे. हवेतलं पाणी पीत बसतं.
तापलं, उकळलं. वाफ दबते, म्हणून पेडल पोकळ.
नेली कुठे होती?"

शिरपूरच्या पुढे, माळावरच्या ट्रॅकवर.
नवशिक्यांचा दिवस होता.
चव्वेचाळीस अंश, भाच्याचं सैल हेल्मेट,
सातव्या फेरीत वास आला.
"कसा?"
लळिंगचा घाट उतरून कांद्याचा ट्रक थांबतो ना, तसा.
तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे.
अवधानपर्यंत जाऊन आलो. ओढ डावीकडेच.
"टायर सुटले. आता उजवी बाजू खोल, भटू."
उजवी?
"डावी इमानदार आहे, म्हणून ओढते.
झोपलंय ते उजवं."
कॅलिपरची पिन हातोडीने निघाली,
वाळलेलं ग्रीस, गंज, वर ट्रॅकची माती.

डिस्कवर एक करडा डाग होता,
बरोब्बर ब्रेक पॅडच्या आकाराचा.
"शेवटची फेरी झाल्यावर काय केलं?"
आत आले. उभी राहिले.
"पाय ब्रेकवर?"
हो.
"किती वेळ?"
बराच.
"डिस्क वाकडी नाही. तापलेल्या पॅडने तिथे कातडं सोडलंय.
जिथे उभ्या राहिलात, तिथली खूण.
दर फेरीला चाक तिथे अडखळतं."

हेल्मेटच्या आत मी तेव्हा एकटीच हसत होते,
पाय काढायचा विसरून,
एकोणपन्नासाव्या वर्षी.
हे मी सांगितलं नाही.
पॉलिश पेपर घेऊन डाग मात्र मीच घासला.

उरली चौथी.
हवा मोजली, चाळीस. कुणाच्या तरी सल्ल्याने भरलेली.
त्यांनी ती सोडली आणि शेजारी येऊन बसले.
"त्या लिंबाला वळसा घाला."
घातला. नाक पुन्हा बाहेर.
"कुठे बघत होता?"
लिंबाकडेच. धडकेन म्हणून.
ते खिडकीबाहेर थुंकले, मग शांतपणे म्हणाले,
"जठे दखस, तठेच जास."
दुसऱ्यांदा मी लिंबापलीकडच्या
पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

बिलात ऑइल, ग्रीस, एक पिन.
चौथ्या ओळीपुढे नुसती रेघ.

लॅबच्या पायरीवर पाच जण उपाशीपोटी बसलेले.
पहिल्या आजोबांचा दंड बांधताना
माझ्या नखांत अजून काळी भुकटी होती.
त्यांची नजर सुईवर खिळलेली, हात ताठ.
म्हटलं, बाबा, इकडे नका बघू.
तिकडे खिडकीबाहेर, ती टाकी दिसते का?