अकराचे चार

आतल्या यंत्रात एक सेकंद सरायला
धनकवडीत अख्खी रात्र लागते.
ते यंत्र कुठेच नाही. ना सिलिकॉन, ना तांबं.
नुसतं हजारो फायलींत कुणीकुणी लिहून ठेवलेलं,
की असं असतं तर असं चाललं असतं.
माझा जुना डबा त्याला रात्रभर ओढतो,
पंखा घरघरतो, हुमेरा कूस बदलून म्हणते,
"झोपव गं त्याला."

गुरुवारी वीज जाते,
म्हणून बुधवारी निजण्याआधी
मी त्याचा काळ डिस्कवर गोठवून ठेवते.

माझ्या कॅशेच्या युक्तीने वेग वाढत होता
अकरा टक्के.
दोन वर्षं हा आकडा जपला,
स्लाइडवर ठळक केला, घरी फोनवर सांगितला.
आईने विचारलं, "शंभरातले?"

फेब्रुवारीत नोंदी चाळताना दिसलं:
रांगेत जागा सोळा,
आणि सतरावा हवेत उभा.
सात वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली अट,
'पेक्षा कमी' हवं तिथे
'कमी किंवा तितकंच'.
माझी युक्ती नेमकी
त्या सतराव्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होती.

बरोबरीचं एक चिन्ह पुसलं.
सगळं पुन्हा चालवलं. पाच रात्री.
चार टक्के.

कात्रजच्या घाटाकडे ट्रक गिअर बदलत चढत होते.
मी ते चिन्ह परत टाकलं.
परत पुसलं.
सात वर्षं कुणाला कळलं नव्हतं,
आणखी सहा महिने कळलं नसतं तर
माझा प्रबंध छापून झाला असता.

सप्तर्षी मॅडमना सांगितलं.
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या,
मग म्हणाल्या, "चाचणी लिहिलीस का?"

पॅचला उत्तर आलं नवव्या दिवशी.
"काय बदललं ते दिसतंय. का, ते लिहा."
त्याखाली: "ओळीच्या शेवटी मोकळी जागा आहे. काढावी."
माणूस कुठल्या देशातला, ठाऊक नाही,
पाट्या लिहायला मात्र सदाशिव पेठेत शिकला असणार.

का, ते लिहायला तीन संध्याकाळी गेल्या.
पहिला मसुदा पानभर, त्यात मीच फार.
शेवटी उरलं एवढंच:
सोळा जागांच्या रांगेत सतरावा घेतला जात होता,
आता जात नाही.
माझ्या सात टक्क्यांना त्यात रकाना नव्हता.

घेतला गेला तो गुरुवारीच, वीज नसताना.
हुमेराच्या फोनवर पाहिलं:
एक चिन्ह वजा, चाचणीच्या बावीस ओळी अधिक,
खाली नमिता खैरमोडे.
उद्या कुठल्याशा गावात
कुणीतरी नवी प्रत उतरवून घेईल,
त्याचाही आकडा धाडकन पडेल,
आणि तो हे नाव शोधून
आपल्या भाषेत मला शिव्या घालील.
घालू दे. मीही घातल्या होत्या,
त्या सात वर्षांपूर्वीच्याला.

तिसऱ्या प्रकरणात अकरा खोडून चार केले.
आईला अजून सांगितलेलं नाही.