तिसरा थेंब

गवती चहाचं तेल, दोनच थेंब.
तिसरा टाकलास, प्रॉसर म्हणाला,
तर संशय येतो त्यांना.
कापसाचा बोळा मी पेटीच्या आत, मागच्या भिंतीला चिकटवला
आणि दिवसभर बोटं हुंगत राहिले.
किंगटनमधली मे महिन्यातली गार सकाळ,
हाताला आईच्या चहाचा वास,
आणि हे आमंत्रण कुणाला, तर
आमच्याकडे धूर करून ज्यांना हाकलतात त्यांना.

पेटी त्याचीच. मागच्या हिवाळ्यात आतलं सगळं मेलं.
मूठभर माश्या एकमेकींत डोकी खुपसून,
मध शिल्लक, चार बोटांवर,
थंडीत तेवढं अंतर कापता आलं नाही.
त्यानं तळ खरवडला, कोपरे ज्योतीनं भाजून काढले,
पण एक जुनी काळी चौकट राखली.
"आधी कुणीतरी राहून गेलंय, हे कळायला हवं.
कोऱ्या घरात कोण येतं?"

शेडच्या छपरावर पेटी मी चढवली.
चौऱ्याऐंशीचा तो शिडी धरून खाली,
दार दक्षिणेला फिरव, अजून, अजून थोडं,
जणू वरचा सूर्य त्याच्या मालकीचा.

सहा दिवस मुंग्या.
आणि एक कोळी, भाडं न देणारा.

सातव्या दिवशी एक आली.
फुलाचं काही काम नाही, पाय कोरे,
फटी तपासल्या, मागून फिरून आली, आत गेली,
बराच वेळ गेली.
चालत चालत मोजतात म्हणे, काळोखात, भिंतीभिंतीनं.
मला वुल्वरहॅम्प्टन आठवलं. हातात जाहिरातीचं कात्रण,
कपाटामागची ओल बघायची, नळ सोडून बघायचा,
आणि घरमालकीण दारातच:
स्वयंपाक रोज करणार का?
फारसा नाही, मी म्हटलं होतं.
पिशवीत हिंगाची डबी.

दुसऱ्या दिवशी अकरा. मग चाळीस, मग मोजता येईनात.
दुकानात गोळ्या पाच-पाचनं सरकवताना
माझं बोट मध्येच थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून.
प्रॉसर रोज येऊन टोपी काढून उभा राही,
बोलायचा नाही. बोललं की बिनसतं.

आणि मग शनिवारी दुपारी काहीच नाही. छप्पर शांत.
पोस्टवाली डेलिथ सांगत आली,
सगळं मोहोळ बॅप्टिस्टांच्या चॅपलवर गेलं,
रस्ता काळा झाला होता,
लोकांनी गाड्यांच्या काचा वर घेतल्या,
आणि धुराड्यात पाणी ओतावं तशा आत गेल्या.
प्रॉसर जरा वेळ गप्प. मग,
"बाप्तिस्मा झाला असेल त्यांचा," म्हणाला
आणि शिडी उचलायला वाकला.
राहू दे, मी म्हटलं.

पाच वाजता एक आली.
एकटीच. निरोप पोचला नसावा.
तीच तपासणी, तीच प्रदक्षिणा,
दाराशी थबकून आत.
मी शिडीच्या चौथ्या पायरीवर,
तिला सांगायचं तर कुठल्या भाषेत,
की ठरलं, बाई, दुसरीकडे ठरलं,
तू अजून कोपरे का मोजतेयस.

खिशात कुपी होती.
ती बाहेर आल्यावर मी झाकण उचललं
आणि संशय आला तर येऊ दे म्हणून
तिसरा टाकला.