मसुदा

अर्ज मी वहीच्या कागदावर लिहिला होता.
स्वेच्छानिवृत्ती. चार ओळी, खाली सही :
वि. मा. फेगडे, अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, यावल.
बाबू म्हणाला, सिस्टर, कागद आता घेत नाहीत,
पोर्टलवर टाका.
म्हणजे जायला तरी आधी तेच शिका
ज्याच्या धास्तीनं मी निघाले होते!

रात्रपाळीत अस्मिता बारेलाला म्हटलं, दाखव बाई.
पासवर्डात अक्षरं हवीत, आकडे हवेत, एक खूण हवी.
मी टाकलं पहिल्या नेमणुकीचं गाव,
सातपुड्यात कंदिलापाशी केलेल्या पहिल्या बाळंतपणाचं साल,
पुढे एक चांदणी.
हे नाही विसरणार मी.

हजेरीचं मशीन माझा अंगठा ओळखत नाही.
एकतीस वर्षं साबण, स्पिरिट, ब्लिचिंग,
रेषा उरल्यात कुठे?
केळीच्या चिकानं काळी झालेली बोटं घेऊन
मजूर खिडकीशी उभे असतात, त्यांचंही तेच.
पुन्हा ठेवा, म्हणतं मशीन.
पुन्हा ठेवतो.

मे महिन्यात जुलाबाचा वॉर्ड भरला.
तीस नोंदी अस्मितानं चहा निवायच्या आत टाकल्या.
पण खोल डोळ्यांच्या त्या पोराची शीर तिला सापडेना.
आई म्हणत होती, व माय, व माय.
मी म्हटलं, बघू नकोस, चाचप.
परकराच्या नेफ्यात नाडी सरकते ना, तशी लागेल.
लागली.

तिच्याकडे बोटं आहेत, नोकरी अकरा महिन्यांची.
माझ्याकडे नोकरी आहे.

काल तो अर्ज उघडला.
'कारण', आणि शेजारी लाल चांदणी.
आजार, कौटुंबिक, इतर.
'इतर' दाबलं तर पांढरा चौकोन आला, पाचशे अक्षरांचा.
एका बोटानं लिहीत बसले :
माझ्या जागी अस्मिता बारेलाला घ्यावं, कायम.
ती मागून वाचून हसली,
मावशी, असं नाही लिहायचं, त्याचा रकाना नसतो.
खोडलं नाही मी.
'जतन करा' दाबलं. मसुदा क्रमांक आला.

पंधरा मिनिटं काही न केल्यास
पोर्टल आपोआप बाहेर काढतं.
मलाही काढलं असेल.
चार नंबरचं सलाईन संपत आलं होतं,
मी तिकडे होते.