स्ट्रिंग चौदा

सकाळी सात-दहाला इन्व्हर्टर जागे होतात,
आधी गुणगुण, मग आकडा: शून्य पूर्णांक चार.
मी वहीत लिहितो. संगणकात असतंच सगळं,
पण ही वही माझी, स्वतःच्या पैशांनी आणलेली, कुडचड्याहून.

रिवणच्या वरचा हा सडा. दहा मेगावॅट.
पूर्वी इथूनच खनिजाचा ट्रक काढायचो मी,
दिवसाला सात खेपा,
आणि रात्री नाक शिंकरलं की रुमाल तांबडा.
खाण थांबली, ती धूळ थांबली नाही.
काचांवर येऊन बसते,
महिनाअखेर चार टक्के उत्पादन खाते,
जुन्या ओळखीनं.

मे महिन्यात स्ट्रिंग चौदा घसरायला लागली.
रोज अकरा ते तीन.
पडद्यावर बाकीच्या रेघा ताठ, ही एकटी जराशी वाकलेली,
बरगडीत उसण भरल्यासारखी.
पुण्याहून फोन: कनेक्टर बघा, फ्यूज बघा,
डायोड पाठवतोय, कुरिअरनं.

मी चालत गेलो. छत्री, मीटर, पाण्याची बाटली.
रांगेच्या टोकाला प्रेमावती वेळीप,
काचा धुणाऱ्या टोळीतली,
आणि अर्ध्या पॅनलभर पसरलेली सोलं,
रसात बुडवून पुन्हा वाळत घातलेली,
काळपट, चकाकती,
खालच्या कडेला जांभळे ओघळ.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
"हांगाच सुकयताली हांव. काळो फातर आशिल्लो हांगा.
फातर व्हेलो तुमी. वत खंय व्हरतले?"

ऊन कुठं नेणार.
नेतो तर आम्ही. तेहतीस केव्हीच्या तारेवरून,
रोज पंचेचाळीस हजार युनिटं,
मीटर लावून, सही घेऊन.
हे मी तिला सांगितलं नाही.
उभ्याउभ्या हिशेब केला फक्त:
एक पॅनल, अर्धं झाकलेलं, चार तास.
जेमतेम दोन युनिटं.
पुण्यात साहेबांचा फ्रिज चालेल तेवढ्यावर, एक दिवस.

"उद्या कडेच्या पॅनलावर घाल," म्हटलं,
"ते तसंही तडकलंय."
तिनं ऐकल्यासारखं केलं.

डायोड आला. अजून खोक्यातच आहे.
कंपनीच्या रकान्यात मी भरलं:
सावली, हंगामी.

आणि माझ्या वहीत, त्या दिवसाच्या आकड्याखाली,
उत्पादन, इतर:
सोलं, ओली धरून, दोनेक किलो.